धाकट्याचा प्याला

१

आम्ही निघालो होतो मेजवानीला आणि पोचलो मयताला.

राजा तोलुननं आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या उलकानवहिनीला, सांगावा धाडला होता: "गवत कमरेएवढं झालं की ये. धाकट्या पोराला लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर बसवून उचलायचंय, त्याला राजा म्हणायचंय. म्हातारपणी एकदा तोंड दाखव." माझा भाऊ मागच्या हिवाळ्यात गेला, त्यामुळे वहिनीबरोबर जायला घरचा पुरुष म्हणून उरलो मी. लग्न होऊन ती डोंगर ओलांडून आमच्याकडे आली त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, आणि माहेरी ती परत कधी गेलीच नव्हती. वाटेत पाच खिंडी आणि मध्ये दोन वैरी टोळ्या, जाणार कशी?

सबंध वाटेवर तिनं मला तिच्या भावाच्या गोष्टी ऐकवल्या. तोलुननं म्हणे शीळ घातली आणि फुगलेली नदी थांबली. तोलुननं बाण सोडला तो दुसऱ्या दिवशी खाली आला. मी म्हटलं, "वहिनी, बाणाला वाटेत झोप लागली असेल." ती म्हणाली, "उंटभावजी, तुमची मान लांब आहे, जीभ तरी आखूड ठेवा." आमच्यात सुना सासरच्या माणसांची नावं तोंडातून काढत नाहीत, टोपणनावं ठेवतात. मला तिनं लग्नाच्या दिवशीच उंट केलं ते आजतागायत.

शेवटची टेकडी उतरलो तर खाली छावणीत चिडीचूप. ढोल नाही, पोरांच्या शर्यती नाहीत. राजाच्या तंबूबाहेर काठीवर रेलून उभी असलेली माणसं दिसली आणि वहिनीनं घोड्यावरच तोंडाला पदर लावला.

आमचा रिवाज असा की, मयताच्या दारात रक्ताच्या पुरुषांनी काठी टेकून उभं राहायचं आणि कोणी घोडेस्वार येताना दिसला की मोठ्यानं हाक देऊन रडायचं. ज्याचं जे नातं, त्याची ती हाक. परक्यालाही लांबूनच कळतं की कोणाचं काय गेलं. दारात दोघं होते. एक राजाचा भाऊ कोचकोर, साठीचा, पोट सुटलेला. दुसरा राजाचा थोरला मुलगा अल्पाय, चाळिशीचा, ताडासारखा. दोघांनी एका सुरात हाक दिली, "दादा रे! माझ्या दादा!" वहिनी घोड्यावरून उतरली, एक पाऊल टाकून थबकली, मग भावाच्या नावानं तिनं हंबरडा फोडला.

"या ताई," अल्पायनं तिला हात देऊन आत नेलं.

राजा काल रात्री गेला होता. ओठ काळेनिळे, बोटं वाकडी. लांडग्यांच्या आमिषाला आम्ही जे लावतो, ते बचनागाचं मूळ होतं ते. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि गुन्हेगारही सापडला होता म्हणे. ज्याला आज राजा करायचं, तो धाकटा मुलगा एर्मेक, बावीस वर्षांचं पोरगं, खुंटाला बांधून ठेवला होता. मरताना राजानं स्वतःच त्याचं नाव सांगितलं होतं.

"पंचांचा निकाल झालाय, उलकान," थोरले पंच एसेन म्हणाले. दाढी पांढरी, आवाज थकलेला. "बापाचा खून. सूर्य बुडाला की धनुष्याच्या दोरीनं फास. राजाचं रक्त जमिनीवर सांडत नाहीत."

वहिनीनं कमरेचा चाबूक काढला आणि त्यांच्या पायांपुढे आडवा ठेवला. घरच्या लेकीनं चाबूक असा ठेवला की तो ओलांडून कोणालाही पुढे जाता येत नाही, पंचांनाही नाही.

"सूर्य बुडेपर्यंत हा पोरगा माझा," ती म्हणाली. "तोवर मी विचारीन त्याला प्रत्येकानं उत्तर द्यायचं. भाऊ गेला तो गेला, भाचा मी फुकट जाऊ देणार नाही."

सूर्य तेव्हा डोक्यावर यायला आला होता.

२

एर्मेकचे ओठ फुटले होते. पाणी पाजलं तर त्यानं आधी विचारलं, "आबांना अंघोळ घातली का कोणी?"

"घातली. तू प्याला दिलास?"

"रोज मीच देतो, आत्या. काल सूर्य मावळताना दिला. घोडीचं आंबवलेलं दूध, माझ्या हातानं घुसळलेलं. आबा म्हणाले, 'कोकरा, उद्यापासून तू राजा, मग मला दूध कोण देणार?' मी म्हटलं, राजाच देणार." एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"रडायला वेळ नाही. प्याल्यानंतर काय?"

"मिशा पुसल्या. जेवायला बसले. कुंदुझवहिनीनं मांस वाढलं, तिच्यावर ओरडले."

"का?"

"मीठ जास्त झालं म्हणून. म्हणाले, 'सूनबाई, मेंढीबरोबर मिठाचा खडकही शिजवलास का?' वहिनीला हसू आवरेना. मग मी बाहेर पाहुण्यांकडे गेलो. तिथे शाहीर गात होता. त्यानंतर मला आबा दिसले ते…" 

वहिनी उठली. तंबूच्या सावलीत आल्यावर तिनं माझी बाही धरली.

"भावजी, तुमच्या लहानपणी तुम्ही एकदा बचनाग चाटला होतात म्हणे."

"आईनं सांगितलं वाटतं. चाटला नव्हता, बोट तोंडात गेलं होतं. तेवढ्यानं दिवसभर जीभ लाकडासारखी. आईनं मध चारला तर तोही मातीसारखा लागला."

"किती वेळानं झालं तसं?"

"वेळ कसला? बोट बाहेर काढेपर्यंत."

"आणि माझ्या भावाला एर्मेकच्या प्याल्यानंतर मांस खारट लागलं," ती म्हणाली. "जीभ जागेवर होती त्याची. त्या प्याल्यात काही नव्हतं, भावजी. कोणीतरी दुसरा प्याला दिलाय."

मला आधी आनंद झाला आणि मग प्रश्न पडला. पोरगा निर्दोष असेल तर राजानं मरताना त्याचं नाव का घ्यावं?

३

ते नाव ऐकणारी एकच होती: अल्पायची बायको कुंदुझ. सासू नसलेल्या त्या घरात म्हाताऱ्याचं सगळं तीच करत असे. ती चुलीपाशी बसली होती, केस सुटलेले, गालांवर नखांचे ओरखडे. सासऱ्यासाठी इतकं ओरबाडून घेणारी सून मी दुसरी पाहिली नाही.

"आत कोण आलं होतं, पोरी?"

"मी पाहिलं नाही, आत्याबाई. मामंजींकडे पुरुषमाणूस आलं की मी पाठ करून मागच्या पडद्याआड जाते. दोघं हळू बोलत होते. मग आलेलं माणूस गेलं. मग मामंजी पडल्याचा आवाज झाला. मी धावले. त्यांना पाणी दिलं तर म्हणाले, चव लागत नाही, ओठ कुठे आहेत तेच कळत नाही."

"आणि?"

"आणि म्हणाले, 'धाकट्याचा प्याला.' थोडं थांबून म्हणाले, 'धाकट्याला सांभाळा.' मग काहीच नाही."

माझ्या मागे एसेनपंच येऊन उभे होते. ते म्हणाले, "आम्ही हेच ऐकलं. राजानं एर्मेकचं नाव घेतलं असणार, पण ही सून. दिराचं नाव हिच्या तोंडून कसं निघेल? म्हणून हिनं 'धाकटा' म्हटलं. आणि 'सांभाळा' म्हणजे त्याच्यापासून सांभाळून राहा. मरणाऱ्याची जीभ जड होते, शब्द गळतात."

वहिनीनं त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. ती कुंदुझसमोर मांडी घालून बसली.

"नीट ऐक. मीही सून आहे. माझ्या सासऱ्यांचं नाव दगडावरून होतं, म्हणून दगडाला 'कठीण' म्हणत मी आयुष्य काढलं. एकदा म्हटलं, 'कठीण आणा, चूल मांडायची आहे,' तर हे उंटभावजी हाडं घेऊन आले."

"कठीण ती कठीणच," मी पुटपुटलो.

"तेव्हा मला सांग, हा 'धाकटा' तुझा शब्द की माझ्या भावाचा?"

कुंदुझनं डोळे वर केले. "त्यांचाच. मी एक अक्षर बदललं नाही. धाकट्या भावजींना मी 'हसरे' म्हणते. मला नाव बदलून सांगायचं असतं तर मी 'हसऱ्यांचा प्याला' म्हटलं असतं. पंचांनी मला विचारलंच नाही. मी सांगितलं आणि ते निघून गेले."

एसेनपंच दाढी कुरवाळायचे थांबले.

"तोलुन एर्मेकला काय हाक मारायचा?" वहिनीनं त्यांना विचारलं.

"कोकरू," ते अडखळत म्हणाले. "चारचौघातसुद्धा. कोकरूच."

"जन्मभर 'कोकरू' म्हणणारा बाप मरताना 'धाकटा' कशाला म्हणेल? धाकटा म्हणजे कोण, पंच? आमच्या बोलीत पुरुष धाकट्या कोणाला म्हणतो?"

"पाठच्या भावाला," पंच म्हणाले आणि आमची सगळ्यांची नजर एकदमच दाराकडे गेली. बाहेर नव्या घोडेस्वारांसाठी कोचकोर गळा काढत होता.

४

कोचकोर मला पहिल्या नजरेतच आवडला नव्हता. एका कुरणावरून त्याचं आणि राजाचं भांडण झालं होतं. एर्मेक मेला की गादी त्याच्याकडे चालून येणार, हे छावणीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. अल्पाय थोरला असून त्याला का नाही, हे मी एक-दोघांना विचारलं तर ते म्हणाले, "त्याचं वेगळं आहे," आणि आपल्या कामाला लागले. मला वाटलं, असेल जुनं काही भांडण. परक्या गावात फार उकरू नये.

"मी?" कोचकोर हसला. मयताच्या दारात हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "ताई, इतक्या वर्षांनी आलीस आणि भावालाच खुनी ठरवतेस? त्या कुरणाच्या भांडणानंतर दादानं माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही, मग दूध कसं घेईल? आणि काल सूर्य मावळल्यापासून आरडाओरडा होईपर्यंत मी या एसेनच्या मांडीला मांडी लावून शाहीर ऐकत होतो. माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून घोरत होता हा म्हातारा. विचार त्याला."

एसेनपंचांनी खाली मान घालून होकार दिला. घोरण्याचं बोलणं त्यांना आवडलं नसावं, पण खरं ते खरं.

मी वहिनीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. एर्मेक नाही, कोचकोर नाही, आणि सूर्य कलला. खुंटापाशी एक माणूस धनुष्याची दोरी मेणानं घासत बसला होता. एर्मेक त्याच्याकडे पाहत होता आणि नजर काढू शकत नव्हता.

वहिनी मात्र कोचकोरकडेच पाहत होती.

"तुला माहीत आहे," ती अगदी हळू म्हणाली.

"काय?"

"सकाळी मी घोड्यावरून उतरले तेव्हा दारात दोघं रडत होतात. दोघंही 'दादा' म्हणून. मला तेव्हाच कसंसं झालं, पण दुःखात माणसाला आपल्याच कानांचा भरवसा वाटत नाही. हा एर्मेक आबा म्हणतो. मग तो? तोलुनला भाऊ एकच, तू. तोलुनला दादा म्हणून रडणारा तो दुसरा भाऊ कोण?"

कोचकोरनं ओठ चाटले.

"आणि त्यानं मला 'ताई' म्हटलं. मला वाटलं, बाईमाणसाला मान देऊन म्हणाला असेल. एर्मेक मला आत्या म्हणतो. एकाच बापाची दोन मुलं, एकाची मी आत्या आणि एकाची ताई?" ती एक पाऊल पुढे आली. "आमच्या बाबांनी नातू मागून घेतला होता का, कोचकोर? पहिला?"

"रीतच आहे ती," तो म्हणाला. "पहिलं पोर आजा-आजीचं. तू गेलीस, घर ओकंबोकं झालं, बाबांनी अल्पायला पाळण्यातूनच उचलून नेलं. म्हणाले, हा माझा शेवटचा मुलगा. दादानं बाबांचा शब्द कधी मोडलाय? जन्मभर त्याला धाकट्या म्हणाला. बाबा गेल्यावर चारचौघात म्हणायचं सोडलं, म्हणून पंचांनाही आठवलं नाही, पण तंबूत म्हणायचाच. कुंदुझ आणि एर्मेक रक्ताचं नातं धरतात, पण गादीच्या हिशोबात तो मुलगा नाही. तो माझ्या पाठचा भाऊ."

"हे तुला ठाऊक होतं आणि तू एर्मेकला मरू देत होतास!"

"मला कोणी विचारलं नाही," कोचकोर म्हणाला.

वहिनी त्याच्या पायाशी थुंकली आणि चालू लागली.

५

अल्पाय ओढ्याकाठी राजाच्या घोड्याची शेपटी कापत होता. धनी मेला की त्याच्या घोड्याची शेपटी आखूड करतात, वर्षभर त्याच्यावर कोणी बसत नाही. घोडा बिथरलेला होता, पण अल्पायच्या हाताखाली गप्प उभा होता. आम्हाला पाहून त्यानं सुरी म्यान केली. मला वाटतं, आमच्या चालण्यावरूनच त्याला कळलं.

"एर्मेकला सोडवलंत ना?" त्यानं विचारलं.

"अजून नाही. तू सोडव."

त्यानं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता, कुठल्या कुरणाला चारा किती हे सांगावं तसा.

"मी गादी मागितली नव्हती. देवाशपथ नाही. मी म्हटलं, दादा, उद्या सगळे जमतील. एर्मेकला उचलायच्या आधी एकदा माझा हात धरून म्हणा, हाही माझा मुलगा. बस. मग मी एर्मेकचा घोडा धरून चालेन. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वाटलं, आता तरी हे मला आपलं म्हणतील. त्या दिवसापासून वाट पाहिली."

"आणि तो काय म्हणाला?"

"डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. म्हणाले, 'धाकट्या, बाबांना दिलेलं मूल मी परत कसं मागू? ते वरून बघत असतील.' इतक्या प्रेमानं म्हणाले, की मला ओरडताही येईना. मी प्याला भरून दिला. ते प्यायले."

"मूळ बरोबर आणलं होतंस?"

"आणलं होतं. खोटं कशाला सांगू? हो म्हणाले असते तर ओढ्यात टाकलं असतं." तो खाली बसला. "हात फिरवला नसता तरी टाकलं असतं. 'चालता हो' म्हणाले असते तरी चाललं असतं. मुलाला म्हणतात तसं."

मला त्याचा राग यायला हवा होता. येतही होता, खुंटाला बांधलेलं पोरगं डोळ्यांपुढून जात नव्हतं. पण त्याच्याकडे पाहिलं की राग कुठे ठेवायचा ते कळेना.

"बापाला मारलंस ते एक," वहिनी म्हणाली. "भाऊ तुझ्या पापासाठी मरणार होता, तू गप्प राहिलास, ते दुसरं. त्याचं काय?"

"लहानपणी त्याला मीच घोड्यावर बसवलं. 'आबा, आबा' करत त्यांच्या मांडीवर चढायचा, ते मी बघायचो." त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "कुंदुझनं ऐकलेलं मला सांगितलं नाही. पंच म्हणाले, राजानं एर्मेकचं नाव घेतलं. काय म्हणाले ते खरंच?"

वहिनीनं सांगावं की नाही याचा क्षणभर विचार केला असावा. मग सांगितलं. "धाकट्याचा प्याला. धाकट्याला सांभाळा."

"सांभाळा?"

"हो. त्याला कळलं होतं कोणी दिलं ते. तुला सांभाळा म्हणाला. पंच त्याचा उलटा अर्थ काढून बसले."

अल्पाय हुंदके देऊ लागला. एवढा ताडमाड माणूस, घोड्याच्या पायाशी गुडघे पोटात घेऊन. मध्येच म्हणाला, "तरीही धाकट्याच म्हणाले. मरतानासुद्धा."

वहिनी त्याच्या शेजारी गवतात बसली आणि त्याचा खांदा धरला.

"ऐक. माझ्या भावाचं शेवटचं सांगणं मला पाळायचंय. कायदा असा आहे: बापाचा खून केला तर दोरी. भावाचा केला तर देशोधडी, घोडा आणि पाणी देऊन खिंडीपलीकडे सोडायचं, परत फिरायचं नाही. रिवाजानं तू बाबांचा मुलगा, तोलुनचा भाऊ. उभा राहा आणि म्हण, मी भाऊ मारला. एसेन नाही म्हणू शकणार नाही. कोचकोरसुद्धा हेच ओरडून सांगेल. तू जगशील. माझ्याकडे ये. उंटभावजींना काय, अजून एक उंट."

मी म्हटलं, "माझ्या तंबूत जागा आहे," आणि मनापासून म्हटलं.

अल्पायनं डोळे पुसले. वहिनीच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला. "किती वर्षांनी कोणी मला ये म्हणालं, आत्या," तो म्हणाला.

त्यानं 'आत्या' म्हटलं हे मला ऐकू आलं. वहिनीलाही आलं असणार, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

६

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा सगळी छावणी गोल करून बसली होती. वहिनीनं उभं राहून सगळं सांगितलं: खारट मांस, बधिर ओठ, सुनेनं न बदललेला शब्द, दारातल्या दोन हाका.  एसेनपंचांनी स्वतः जाऊन एर्मेकच्या दोऱ्या कापल्या.  थोड्या वेळापूर्वी हेच हात त्याच्या मरणावर शिक्कामोर्तब करून बसले होते. मोकळा झाल्यावर एर्मेक पळत गेला तो अल्पायकडे. वाटलं, त्याच्या अंगावर धावून जाईल. पण तो त्याच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. कुंदुझ तंबूच्या दारात होती. पडद्याआडून तिनं आवाज ओळखला होता की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

"भाऊ मारलाय, भाऊ!" कोचकोर हात वर करून ओरडत होता. "देशोधडी! घोडा द्या आणि घालवा. कायदा तो कायदा."

त्याचं ओरडणं मला पहिल्यांदाच गोड लागलं. वहिनीनं माझ्या खोगिरावरची पाण्याची कातडी पिशवी भरून ठेवली होती.

शिक्षा ऐकण्यापूर्वी आमच्याकडे माणसानं उभं राहून आपले सात बाप सांगायचे असतात, म्हणजे ज्यांचं रक्त आहे त्यांनाही ऐकू जातं. बोलायला लागलेलं प्रत्येक पोर हे सात पाठ करतं. झोपेतून उठवलं तरी चुकत नाही. अल्पायचे सात सगळ्यांना ठाऊक होते. ते म्हाताऱ्या बायतूरपासून, म्हणजे वहिनीच्या बाबांपासून, सुरू होत. आजानंच मांडीवर घेऊन ते त्याच्याकडून घोकून घेतले होते.

"सांग," एसेनपंच म्हणाले. मग आवाज खाली आणून, जवळजवळ विनवून म्हणाले, "सांग बाबा, बायतूर म्हण."

अल्पायनं वहिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. तिच्या ओठांची हालचाल मला दिसली.

"माझा बाप तोलुन," अल्पाय म्हणाला.

गर्दीतून एक आवाज आला, मोठा श्वास सगळ्यांनी एकदम घ्यावा तसा. कोचकोर खाली बसला.

"चुकलास," एसेनपंच घाईघाईनं म्हणाले. "दिवसभराचा दमलायस. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

"दमलो नाही, पंच. आयुष्यभर चुकीचं सांगत आलो, आज नाही चुकणार." तो ताठ उभा होता, हात दोन्ही बाजूंना मोकळे. "माझा बाप तोलुन. तोलुनचा बाप बायतूर. बायतूरचा बाप…"

वहिनीनं डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरला. तो एकेक नाव घेत गेला, सावकाश आणि स्पष्ट, आणि एकाही नावाला अडखळला नाही.